कपारीचा वाटा

एका गावात एक सुगरण राहत होती. तिचं नाव मात्र विचारायचं नाही. ते कुणालाच ठाऊक नाही, आणि का ठाऊक नाही, तीच तर गोष्ट आहे.

गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं. डोंगराच्या अंगाला एक अरुंद कपार होती. बाहेर वैशाखाचं ऊन टाळू भाजून काढत असलं तरी कपारीच्या तळाशी बर्फ असायचा. तो कुठून यायचा, देव जाणे. वर्षातून एकदा, उन्हाळा अगदी अंगावर आला की गावातले बाप्ये तिथून बर्फ फोडून आणायचे, भाताच्या तुसात लपेटून, गोणपाटात बांधून. तिथे मोठ्याने बोलायचं नाही, कुणी कुणाला नावाने हाक मारायची नाही, बर्फ घ्यायचा आणि मागे न बघता उतरायचं.

त्या दिवशी घरोघर कुल्फी व्हायची. तिच्यासाठी बाजारात जायला नको, सगळं फडताळातच. दूध आटवायचं, कडेला धरलेली साय खरवडून पुन्हा आत ढकलायची, दाटपणाला थोडी तांदळाची पिठी लावायची, साखर आणि वेलची घालायची, घरात असली तर चारोळी. गार झालं की ते पत्र्याच्या निमुळत्या साच्यांत ओतायचं, झाकणं बसवायची आणि फट राहू नये म्हणून वरून कणकेचा वेढा द्यायचा. मग साचे मडक्यात, भोवती बर्फाचा चुरा आणि खडे मीठ, आणि मडकं हलवत बसायचं, हात भरून येईपर्यंत.

कणीक लावताना प्रत्येक साच्यावर नाव घ्यायचं, अशी तिथली रीत. ज्याचं नाव घेतलं, त्याचा तो साचा. नवऱ्याचं नाव एरवी ओठांवर न आणणाऱ्या बायकाही त्या दिवशी ते हळूच पुटपुटायच्या आणि पदरात हसायच्या. आपल्या सुगरणीला तर स्वतःचं नाव घ्यायला तेवढाच एक दिवस मिळायचा. तिच्या आईने मोठ्या हौसेने ठेवलेलं नाव होतं ते. पण लग्न झाल्यापासून सासू तिला 'सूनबाई' म्हणे, नवरा 'अगं ए' म्हणे आणि उरलेलं गाव 'बकुळाची आई' म्हणे. बकुळा ही तिची एकुलती एक लेक.

एक साचा मात्र नाव न घेता बंद करायचा. तो कपारीचा वाटा. कपारीत कोण राहतं ते कुणी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्या सांगायच्या, ज्यांचं नाव घेणारं मागे कुणी उरलं नाही, ते तिथे गारठून बसलेले असतात. बर्फ त्यांचा, म्हणून एक वाटा त्यांचा. तो साचा बाहेर पायरीवर ठेवायचा आणि दार लोटून घ्यायचं. संध्याकाळी तो रिकामा असायचा. उन्हाने वितळून गेला म्हणा, मुंग्यांनी नेला म्हणा, ज्याला जे पटेल ते.

त्या वर्षी बकुळा नुकतीच गोवरातून उठली होती. पोरीच्या अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. घास पुढे केला की तोंड फिरवायची. त्या दिवशी मात्र दूध आटल्याचा वास आला आणि ती आपणहून चुलीपाशी येऊन बसली.

"आई, मला दोन देशील?" तिने विचारलं.

आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या दिवसांनी लेकीने काही मागितलं होतं. पण गाय आटत आली होती, दूध मोजकंच होतं, आणि एकेक साचा भरल्यावर पातेल्यात खरवडायलाही काही उरलं नाही. तिने सगळ्या साच्यांवर नावं घेतली, शेवटी स्वतःचं घेतलं, आणि कपारीचा साचा हातात धरून ती थबकली. पायरीवर ठेवायचा आणि मुंग्यांना घालायचा, आणि इथे माझी पोर आजारातून उठलेली. तिने कणकेचा वेढा दिला आणि हळूच म्हणाली, "बकुळा."

मडकं हलवताना आतून एकदाच टकटक झाली. साचे एकमेकांवर आपटले असतील, असं तिने मनाला सांगितलं.

दुपारी सासूने विचारलं, "सूनबाई, कपारीचा वाटा काढलास ना?"

"काढला, आत्याबाई," ती म्हणाली, आणि वाढायला वळली.

बकुळाने पहिला साचा चाटूनपुसून संपवला. आईने तिला मागच्या पडवीत नेऊन दुसरा दिला. एक घास घेऊन पोर थांबली.

"आई, ही गोडच नाही. नुसती गार आहे."

"खा गं, तुझ्यासाठीच केली आहे," आई म्हणाली. बकुळाने खाल्ली. रिकामा साचा परत देताना तिची बोटं आईच्या हाताला लागली आणि आईच्या अंगावर शहारा आला. कुल्फी धरून गार झाली असतील बोटं, दुसरं काय?

ऊन उतरल्यावर पोरं अंगणात खेळायला जमली. बकुळाही गेली, पण तिच्यावर काही केल्या राज्य येईना. पोरं तिला चुकवत नव्हती की चिडवत नव्हती. ती जणू तिथे नव्हतीच. थोडा वेळ उभी राहून ती मुकाट घरी आली आणि पायरीवर बसली.

दिवेलागण झाली तशी आई दारात आली. पायरीवर अंधुक उजेड होता, तिचं लक्ष अंगणाकडे होतं. रोजच्यासारखी तिने हाक मारली, "बकुळे, ए बकुळे."

डोंगराच्या बाजूने आवाज आला, "ओ."

आवाज बकुळाचाच होता. खूप वरून आलेला आणि खूश झालेला.

"आई," पायरीवरून कुणीतरी तिचा पदर ओढला, "मी इथेच आहे. तू कुणाला हाक मारतेस?"

आईने खाली पाहिलं. लेक तिच्या पायाशी बसली होती. तिला जवळ घ्यावं, नावाने बोलवावं म्हणून आईने तोंड उघडलं, आणि नाव आलंच नाही. आत्ता तर घेतलं होतं. जिभेवर फक्त गारवा होता.

घरात नवरा जेवायला बसला. पोरीकडे बघून म्हणाला, "अगं ए, ही कुणाची पोरगी? तिच्या घरी वाट बघत असतील, सोडून ये तिला."

आई चुलीकडे वळली. तिने ताटं मांडली, आणि पाहते तर एक ताट कमी. पोरीला तिने आपल्या ताटात घेतलं, रात्री आपल्या कुशीत घेतलं. वैशाखाच्या उकाड्यात दोन गोधड्या घातल्या तरी पोरीचं अंग काही तापेना.

सकाळी शेजारीण कुंपणाशी आली. "अगं..." म्हणाली आणि अडखळली. "तू कुणाची आई गं? बघ, रोज हाक मारते मी तुला, आणि आज काही आठवेच ना."

भर दुपारी, अंगण चटके देत असताना, फाटकापाशी तोच आवाज आला.

"आई, मी बकुळा. मला आत घे ना."

आई खिडकीशी गेली. अंगणात कुणी नव्हतं. कोरड्या फुफाट्यात लहान लहान ओली पावलं उमटत होती. फाटकापासून तुळशीपर्यंत आली, आणि थांबली.

बकुळा. आईने ते नाव ऐकलं आणि तिच्या काळजात हललं. ओळखीचं होतं ते. कुणाचं बरं? बाहेर उभी आहे तिचंच असणार. आपली लेक उन्हात उभी, आणि आपण आत? तिचे पाय दाराकडे वळले. मागून पोरीने तिच्या कमरेला मिठी मारली, आणि आईला क्षणभर वाटलं, ही कोण परकी पोर आपल्याला अडवते आहे?

"सूनबाई, दार उघडू नकोस," सासू म्हणाली. म्हातारी कोपऱ्यात बसून सगळं बघत होती. "काल काढलास म्हणालीस तो वाटा कुणाच्या पोटात गेला ते सांग."

आई दारापासून मागे फिरली. तिने सगळं सांगितलं. दूध कमी होतं, पोर उपाशी होती, सगळं. सासूने एरवी चार शब्द सुनावले असते. आज तिने नुसता पोरीच्या केसांवरून हात फिरवला.

"हिचं नाव मलाही आठवत नाही," म्हातारी म्हणाली, "पण गेलं कुठे ते कळलं. तू त्यांच्या वाट्यावर हिचं नाव लावलंस. मग वाटा हिच्या पोटात गेला आणि नाव त्यांच्याकडे. आज नाव विसरलीस, उद्या ही तुला दिसायचीही नाही. आणि तुळशीपाशी उभं आहे ते घरात येऊन बसेल."

"वाटा परत देते मी. आत्ता करते."

"वाटा दे. पण नाव सोडून ते रिकाम्या हाताने जायचं नाही. एवढ्या काळाने कुणीतरी हाक मारली आहे त्याला. एक नाव परत घ्यायचं तर दुसरं द्यावं लागेल." म्हातारीने पोरीला जवळ ओढलं. "माझं घाल. माझं आता काय अडलंय?"

सून तिच्याकडे बघतच राहिली. या बाईशी ती मीठ जास्त पडल्यावरून भांडलेली होती, चुलीतल्या लाकडांवरून भांडलेली होती.

"नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "हात माझे होते."

ती चुलीशी गेली. दूध वाटीभर होतं, तेवढंच तिने आटवलं. साखरेचा डबा उपडा करून ठोकला, तळाची साखर निघाली. वेलचीची सालं होती, तीच कुटून घातली. पिठी मात्र भरपूर होती, पण साचा भरलेला दिसावा म्हणून ती काही जास्त घातली नाही. दाटपणाला हवी तेवढीच घातली. गोणपाटाच्या तळाशी तुसात बर्फाचा एक खडा राहिला होता. तिने तो फोडला, मीठ घातलं, साचा भरला. बाहेरून आवाज येतच होता, "आई, आई गं." घरातली पोर तिच्या पाठीला टेकून बसली होती, भिजल्या कपड्यासारखी गार.

कणकेचा वेढा देताना तिने डोळे मिटले. माहेरचं अंगण आठवलं, तिथे पहिल्यांदा आपल्या नावाने कुणी हाक मारली ती हाक आठवली. मग तिने ते नाव घेतलं. स्पष्ट घेतलं, एकेक अक्षर सावकाश, आणि मडकं हलवायला लागली.

कुल्फी घट्ट झाली तसा तिने साचा पायरीवर ठेवला. दार मात्र लोटलं नाही. उंबऱ्याच्या आत बसून राहिली. ओली पावलं तुळशीपासून निघून पायरीपर्यंत आली. कणीक कुणीतरी नखाने सोलल्यासारखी निघाली, झाकण बाजूला झालं. साच्यातली कुल्फी हळूहळू खाली खाली गेली. लहान मूल खातं तशी, मन लावून.

मग तो आवाज एक नाव बोलला. पहिल्यांदा चाचरत बोलला, मग पुन्हा, मग हसून पुन्हा. आता आवाज बकुळाचा राहिला नव्हता. कुणाचाच नव्हता.

छान नाव आहे, आईला वाटलं. कुणाचं असेल?

पावलं फाटकाकडे गेली आणि डोंगराच्या वाटेला लागली. त्यांच्या मागे फुफाटा वाळत गेला.

"आई," पाठीमागून हाक आली, "मला भूक लागली."

"आले गं बकुळे," आई म्हणाली, आणि वळून तिला उचलून घेतलं. पोरीच्या अंगाला ऊब होती.

सुगरणीचं नाव त्या दिवसापासून कुणाला आठवलं नाही. खरं सांगायचं तर ते गेलं हेही कुणाच्या ध्यानात आलं नाही. नवरा 'अगं ए' म्हणत राहिला, गाव 'बकुळाची आई' म्हणत राहिलं. फक्त सासू मधूनच तिच्याकडे बघायची, काहीतरी आठवायचा प्रयत्न करायची, आणि मग तिच्या हातातली घागर आपल्या हातात घ्यायची.

पुढच्या वर्षी बर्फ आणायला गेलेले बाप्ये घाबरेघुबरे होऊन खाली आले. म्हणाले, कपारीत तळाशी कुणीतरी एक नाव घोळवत बसलं आहे, आनंदाने, पुन्हा पुन्हा. कुठलं नाव, असं विचारलं तर एकालाही सांगता येईना. डोंगर उतरेपर्यंत विसरले होते.

त्या दुपारी आईने कपारीचा साचा सगळ्यांत आधी भरला, काठोकाठ. मग घरातल्यांची नावं घेत साचे बंद केले. शेवटी स्वतःचा साचा हातात घेतला, कणीक लावली, ओठ उघडले, आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

"आण इकडे, मी घेते," बकुळा म्हणाली. तिने साच्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "माझी आई."

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: ज्याला विचारणारं कुणी नाही त्याचा वाटा आधी काढावा, आणि गरज कितीही खरी असली तरी त्या वाट्यावर आपल्या माणसाचं नाव लावू नये.