सुतारपक्ष्याच्या ढोल्या

फार पूर्वी एका रानात एक सुतारपक्षी झाडांत ढोल्या कोरायचा आणि ज्याला हवी त्याला राहू द्यायचा. रानातली निम्मी पिल्लं त्याच्याच ढोल्यांत वाढली. तक्रारींना मात्र तोटा नव्हता.

"माझ्या ढोलीत पाणी शिरतं. कधी बघणार?" पिंगळा ओरडायचा.

"दार किती अरुंद केलंयस!" साळुंकी म्हणायची.

"माझी चोच झिजलीय रे. आतला भुसा तरी तुम्ही काढा," सुतारपक्षी एकदा म्हणाला.

"तुझ्यासारखं आम्हाला कुठे जमतं?" पोपट गोड हसला.

एका सकाळी सुतारपक्षी झाडाखाली मरून पडलेला दिसला. सगळे हळहळले. पोपटाने त्याच्या मोठ्या मनावर भाषण सुरू केलं. तेवढ्यात पलीकडच्या रानातला दुसरा सुतारपक्षी येऊन फांदीवर बसला. भाषण तिथेच थांबलं.

"बरा आलास," पिंगळा म्हणाला, "आधी माझी ढोली बघ."