बारकाबाईची सुई

भिंतीला एक भोक. भोकात एक घर. घरात राहायची बारकाबाई उंदरीण.

तिला पिल्लं तीन. चीं, चीं आणि चीं!

घरात कमावणारी ती एकटीच. दिवसभर दुसऱ्यांच्या गोधड्या शिवायची. आज सशीणकाकूची गोधडी होती. ती झाली की काकू जोंधळे देणार. मग भाकर!

टाका वर, टाका खाली... आणि सुई निसटली. टिंग! गेली फटीत.

"आई, भूक!" पिल्लं म्हणाली. डब्यात तर दाणा नव्हता. पण रडत बसायला वेळ कुणाला?

निघाली लुटुलुटु लुटुलुटु. भेटला मुंगळा.

"मुंगळेदादा, सुई काढा ना!
सुई आली की गोधडी,
गोधडी झाली की जोंधळे,
जोंधळे आले की भाकर!"

"नाही जा! आधी गूळ आण."

लुटुलुटु लुटुलुटु. भेटली गूळवाली यमुनामावशी.

"मावशी, गूळ द्या ना!
गूळ दिला की सुई,
सुई आली की गोधडी,
गोधडी झाली की जोंधळे,
जोंधळे आले की भाकर!"

"अगं बाई, चूल विझलीय माझी. आधी काटक्या आण."

लुटुलुटु लुटुलुटु. भेटली बाभूळ.

"बाभूळताई, काटक्या दे ना!
काटक्या दिल्या की गूळ,
गूळ दिला की सुई,
सुई आली की गोधडी,
गोधडी झाली की जोंधळे,
जोंधळे आले की भाकर!"

"घसा सुकलाय गं. आधी पाणी आण."

लुटुलुटु लुटुलुटु... आई गं! पायात काटा रुतला. तशीच लंगडत गेली विहिरीवर. तिथे बसला होता बेडूक.

"बेडूकभाऊ, पाणी दे ना!
पाणी दिलं की काटक्या,
काटक्या दिल्या की गूळ,
गूळ दिला की सुई,
सुई आली की गोधडी,
गोधडी झाली की जोंधळे,
जोंधळे आले की भाकर!"

"डराँव! आधी माझी टोपी शिव."

"अरे शहाण्या, सुईच तर हरवलीय!"

आता काय? बारकाबाई मटकन खाली बसली. पायातला काटा उपटला. काट्याकडे पाहिलं. आणि हसली!

दाताने काट्याला भोक पाडलं. कुर्र कुर्र! दोरा ओवला. टाका वर, टाका खाली. टोपी झाली. काटा मोडला. कट्ट!

बेडकाने दिलं पाणी. बाभूळ प्यायली घटघट. काटक्या पडल्या पटपट. चूल पेटली, गूळ झाला. मुंगळ्याने गूळ चाटला, फटीत शिरला, सुई ओढली. टिंग! गोधडी झाली. सशीणकाकूने जोंधळे दिले. भाकर फुगली टम्म!

"खा रे बाळांनो," बारकाबाई म्हणाली. "मला नाही भूक."

तेवढ्यात तिचंच पोट बोललं. गुर्रर्र!

पिल्लं खुदकन हसली. धाकट्याने भाकरीचा तुकडा मोडला.

"आई, आ कर!"

आणि पहिला घास आईने खाल्ला. गरम गरम.