हौसाची हाक

दगडावर बसू नका, पाहुणे. तुमचं चुकलं असं नाही, सपाट दगड दिसला की नवखं माणूस टेकतंच. पण हा हाकेचा दगड आहे. उंबरतरला लग्न होऊन येणारी सून घराच्या उंबऱ्याआधी इथं येते, दगडावर उभी राहते आणि नदीच्या पलीकडच्या काठाला हाक मारते. पलीकडून ओ आली की मगच तिनं माप ओलांडायचं. आणि हाक कशी, तर आमच्या हेलात. शब्द पाण्यावर सोडायचा आणि तो पार पलीकडं पोचेपर्यंत तोंड मिटायचं नाही.

येताना तुमच्या कानावर आलंच असेल. सुरगावच्या पेठेत माणसं टकाटका बोलतात. दोन कोस इकडं कोरेवाडी लागते, तिथं शब्द जरासा लांबतो. आणि उंबरतरला आलात की 'कुठं चाललाय' एवढं विचारायला आम्हांला अर्धी चिलीम लागते. हसा, हसा. चार कोसांत जीभ एवढी बदलते कशी, असं सगळेच विचारतात. त्याचं कारण हौसा भोईण, असं सांगतात.

पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. हौसाचा नवरा पटकीत गेला आणि नावेचं वल्हं तिच्या हातात आलं. बाईमाणूस नाव चालवणार म्हटल्यावर गावानं आधी नाकं मुरडली, मग तिचा हात बघून गप्प बसलं. ही नदी, आम्ही हिला नुसती थोरली म्हणतो, इथं रुंद आहे आणि खाली अर्ध्या कोसावर खडकांवरून कोसळते. हौसाला तिचा एकूण एक भोवरा ठाऊक होता. पण तिचं खरं नाव झालं ते गळ्यामुळं. सकाळी या दगडावरून ती 'हाय का कुणीऽऽऽ' म्हणायची आणि पलीकडच्या मळ्यातली माणसं हातातलं काम टाकून काठाला यायची. तेव्हा म्हणे इथून पेठेपर्यंत सगळ्यांच्याच बोलण्यात हा हेल होता. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग सुरगावच्या ठाण्यावर रंगराव नावाचे नवे कारभारी आले. पहिल्याच आठवड्यात उंबरतरचा एक म्हातारा बांधाची तक्रार घेऊन त्यांच्यापुढं गेला. रंगरावांनी तक्रार ऐकली नाही, म्हाताऱ्याचं बोलणं तसाच हेल काढून त्याच्याच तोंडावर म्हणून दाखवलं. कचेरी हसली. म्हातारा तक्रार तशीच घेऊन घरी आला. पाठोपाठ दवंडी पिटली, की ठाण्यात हेल काढून बोलणाऱ्याची दाद लागणार नाही आणि घाटावरची हाकसुद्धा यापुढं नीट, तोडून मारावी.

झालं. पेठेनं आठ दिवसांत जिभा सरळ केल्या. कोरेवाडी चारचौघांत सरळ आणि घरात वाकडी बोलायला लागली. आमच्या उंबरतरचेही काही कमी नव्हते. बाप लेकाला टोकायचा, सासू सुनेला. माणसांना स्वतःच्या तोंडाची लाज वाटायला लागली हो! एवढं वाईट दुसरं काही नाही बघा.

हौसा तेवढी बदलली नाही. शेवटी रंगराव स्वतः घाटावर आले. सगळ्या गावासमोर त्यांनी सांगितलं, की एकदा नीट हाक मार, नाव तुझ्याकडंच राहील, नाहीतर उद्यापासून पेठेतला माणूस नाव चालवेल. प्रश्न एका हाकेचा होता. गावातले शहाणे तिच्या कानाशी लागले. अगं मार की एकदा, तोंड काय झिजतंय तुझं? नाव गेली तर खाशील काय? हौसा दगडावर चढली. सगळ्यांना वाटलं, नरमली. तिनं छाती भरून घेतली आणि तिच्या जन्मात मारली नसेल एवढी लांब हाक मारली, आपल्याच हेलात. मग खाली उतरून वल्हं रंगरावांच्या पायाशी ठेवलं.

"नाव न्या," ती म्हणाली. "गळा माझ्या आईचा हाय, त्यो न्हाई मिळायचा. या दगडावरनं मारीन तर हीच हाक मारीन, नरडं फुटंस्तवर."

नाव गेली. हौसा लोकांच्या शेतात खुरपायला जायला लागली. पण रोज सकाळी घाटावर येऊन बसायची आणि दुसऱ्याच्या हातातली आपली नाव बघायची. काय मिळवलंस, असं कुणी विचारलं तर काही नाही म्हणायची, आणि खोटं नव्हतं ते.

मार्गशीर्षात एका सकाळी धुकं पडलं. हात पुढं केला तर बोटं दिसेनात. रंगराव पलीकडचं काम उरकून परत निघाले होते, नावेत उंबरतरची आणि कोरेवाडीची बाजारकरी माणसंही होती. आमचा नावाडी धुक्यात नाव सोडत नाही. सोडलीच तर अलीकडच्या काठावरून कुणीतरी हाक धरून ठेवतं आणि नाव त्या आवाजावर येते. पेठेतल्या माणसाला हे कुठून माहीत असणार? रंगरावांना घाई होती, त्यानं सोडली नाव. मध्यावर दिशा गेली. तो 'कोण आहे, कोण आहे' असं ओरडायला लागला. आता समोरचा तो कडा बघा. तोडून मारलेली हाक त्या कड्यावर आपटते आणि चहूकडून परत येते. बिचारा आपल्याच आवाजामागं नाव फिरवत राहिला आणि नाव खालच्या खडकांकडं ओढणाऱ्या धारेला लागली.

हौसाला काठावर सगळं ऐकू येत होतं. सूड घ्यायचा असता तर तिला नुसतं बसून राहायचं होतं. ती दगडावर चढली.

'इकडंऽऽ याऽऽऽ' तिनं हाक धरली. पण नाव नेमकी कुठं आहे, हे तिलाही कळायला हवं होतं आणि नावेतून येणाऱ्या तुटक ओरडण्यावरून ते कळेना. तेव्हा ती म्हणाली, "ओ लांबवा रंऽऽऽ". नावेत उंबरतरची माणसं होती, पण भीतीनं आणि दोन महिन्यांच्या तालमीनं त्यांच्या तोंडून लांब शब्द फुटेना. पहिली लांब ओ कुणी दिली म्हणाल, तर रंगरावांनी. जीव गळ्याशी आला की हेल आपसूक येतो, पाहुणे. मग सगळ्यांनी गळे मोकळे सोडले. ती ओ ऐकायची आणि डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या, असं सांगायची. उन्हं वर येईस्तोवर असं चाललं. नाव दगडाला लागली तेव्हा ती काहीतरी बोलायला गेली आणि नुसता वारा बाहेर आला. तो आवाज पुन्हा कधी आलाच नाही.

चार दिवसांनी नाव परत द्यायला रंगरावांनी तिला ठाण्यात बोलावलं. ठाण्याची रीत अशी, की मागणाऱ्यानं आपली मागणी तोंडानं सांगायची. तिन्ही गावं लोटली होती. उंबरतरचे लोक तिला खेटून उभे राहिले, कोरेवाडीचे मागं दाराशी आणि पेठेतले बाहेर रस्त्यावर. त्यांना रोज ठाण्यासमोर राहायचं होतं, त्यांना तरी कसा बोल लावायचा? रंगरावांनी विचारलं, कोण तू आणि काय मागतेस? हौसानं तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तेव्हा तो बांधाची तक्रार परत आणलेला म्हातारा पुढं झाला.

"हीऽऽ हौसा भोईऽऽण," तो म्हणाला. "वल्हंऽऽ हिचं हायऽऽऽ. द्या तिलाऽऽऽ."

त्याच्यामागून अख्खं उंबरतर तेच म्हणालं, त्याच हेलात, ठाण्याच्या तुळया हलतील एवढ्यानं. कोरेवाडीनं अर्धा हेल लावला. पेठेतल्यांचे नुसते ओठ हलले. रंगराव खाली मान घालून लिहीत राहिले, आणि त्या दिवशी कचेरीत कुणी हसलं नाही. ज्याचे पूर्वज त्या दिवशी हौसाच्या जेवढे जवळ उभे होते, तेवढाच हेल त्याच्या वाट्याला आला, असं म्हणतात.

हौसानं पुढं पुष्कळ वर्षं नाव चालवली, मुक्यानं. तिची सकाळची हाक गावातल्या बायका पाळीनं मारायच्या, आणि नवी सून आली की पहिला मान तिचा.

आजही तो मान आहे. पूल झाला, एसटी आली, नाव कुजून गेली, पण हाक आहे. गेल्या वैशाखात एक सून आली, पेठेतली, शाळेत शिकवणारी. तिनं पहिली हाक तोडून मारली. पलीकडून ओ आली नाही. दुसरी मारली, तरी नाही. पलीकडं माणसं नव्हती असं समजू नका, चांगली वीसजण मुद्दाम उभी होती. नवरी रडकुंडीला आली. मग तिनं डोळे मिटले, पदर खोचला आणि अशी काही हाक सोडली, की ओ आली तेव्हा सासूच आधी रडली.

तर उठा, पाहुणे. इथवर आलात तर एक मारून बघा, पलीकडच्या मळ्यात माणसं आहेत. लाजू नका. तोडून मात्र मारू नका, ओ यायची नाही.