ऑइल काळं, लिंबू ताजं

गाड्या माणसांशी बोलत, त्या काळची गोष्ट. मी नवी जीप घेतली आणि वर्षात साठ हजार किलोमीटर पळवली. दर अमावास्येला तिच्यावरून नारळ ओवाळून फोडायचो, ताजं लिंबू-मिरची बांधायचो.

जीप म्हणायची, "मालक, नारळ पुरे. ऑइल काळं पडलंय, ते बदला."

"नवी आहेस. नखरे नकोत!"

अमावास्येनंतर भाचीच्या लग्नाला निघालो. मामा म्हणून तिला बोहल्यावर मलाच न्यायचं होतं. घाटात इंजिन धूर ओकून बंद पडलं.

"आता काय झालं गं?" मी ओरडलो.

"तेच, मालक. ऑइल."

चालत पोचलो, तेव्हा पंगती उठल्या होत्या. भाचीला शेजाऱ्यानं बोहल्यावर नेलं होतं. बहिणीनं विचारलं, "दादा, कुठे होतास?"

दृष्ट लागली म्हणावं, तर लिंबू कालच बदललेलं.