सबनीसबाईंची बदली

अगदी शप्पथ, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. म्हणजे नव्वद टक्के तर नक्कीच.

परराष्ट्र खात्यात तीस वर्षं काढून सबनीसबाई राजदूत म्हणून निवृत्त झाल्या आणि थेट माहेरच्या तालुक्यातून आमदारकीला उभ्या राहिल्या. मतदान तीन दिवसांवर आलं होतं. बाजारतळावर दोन्ही उमेदवारांची एकत्र सभा होती आणि बाईंना खुर्चीत स्वस्थ बसवेना. चप्पल काढत होत्या, पुन्हा घालत होत्या. पंचवीस वर्षांचे आमदार भाऊसाहेब खलाटे माइक सोडायला तयार नव्हते.

"अहो, यांचा भरवसा काय? दर तीन वर्षांनी नवा देश! आज इथं, उद्या बॅग भरून पसार. मी बघा, पंचवीस वर्षं हललोय का?"

लोक खो खो हसले. बाईंनी मनात हिशेब केला. हे हसू असंच घरी गेलं, तर मतंही त्याच्यासोबत जाणार. त्यांनी जवळजवळ हिसकावूनच माइक घेतला.

"बरोबर बोललात, भाऊसाहेब. सरकार राजदूताला तीनेक वर्षांवर कुठं ठेवत नाही. का, ठाऊक आहे? जास्त राहिला की तो तिथलाच होतो. आपल्याला पाठवलं कुणी, हेच विसरतो."

"बरं, मग?"

"मग काय! या मंडळींनी तुम्हाला मुंबईला पाठवून पंचवीस वर्षं झाली."

मागून एक म्हातारी ओरडली, "आणा रं त्यास्नी माघारी!"

भाऊसाहेबांनी माइकचा नाद सोडला आणि ते खाली बसले.

बाई निवडून आल्या. यातलं मी रचलेलं एवढंच, की तेव्हा भाऊसाहेबांनी माइक सोडला. खरं तर माइक परत घेऊन ते पुढं तासभर बोलले. ऐकायला फक्त मांडववाला थांबला होता, खुर्च्या न्यायच्या होत्या म्हणून.