कवडीला पिल्लं हवी होती

हं, पाय आत घ्या, पांघरूण ओढा. तर काय झालं, एका राज्यात नदीकाठी भिवरा नावाची बाई राहायची. घरात ती, तिची लेक येसू आणि एक ठिपक्याठिपक्यांची कोंबडी. तिचं नाव कवडी. आणि बरं का, ही कवडी माणसासारखी बोलायची! पण फक्त भिवराशी.

एका साली मानमोडीची साथ आली. राज्यातल्या सगळ्या कोंबड्या माना टाकून मेल्या. उरली एकटी कवडी आणि एक म्हातारा कोंबडा. त्यातच राणीनं अंथरूण धरलं. वैद्य म्हणाला, रोज ताजं अंडं द्या. मग राजाचे शिपाई आले. येसूला राणीच्या सेवेला घेऊन गेले. म्हणाले, "रोज अंडं पोचव. राणी उठली, की पोर परत."

मग कवडी रोज अंडं घालायची आणि भिवरा ते राजवाड्याच्या दारात नेऊन द्यायची. लेक काही दिसायची नाही.

महिन्यानं कवडी झाली खुडूक. अंडी बंद. पिसं फुलवून नुसती टोपलीत बसून राहिली. म्हणाली, "बाई, माझ्याखाली चार अंडी ठेव. एकवीस दिवस बसू दे. मला पिल्लं हवीत गं."

"पुढच्या खेपेला बस," भिवरा म्हणाली. आणि तिनं कवडीला गार पाण्यात बुडवलं. पोटाची ऊब गेली. आठ दिवसांनी पुन्हा अंडं.

मग कवडी दुसऱ्यांदा खुडूक झाली. "आता तरी बसू दे." भिवराला रडू आलं, पण येसू डोळ्यांपुढं आली. मग तिनं कवडीला जाळीच्या पिंजऱ्यात घालून आढ्याला टांगलं. खालून वारा, बसायला ऊब नाही. पुन्हा अंडं.

तिसऱ्यांदा खुडूक झाली, तेव्हा कवडीनं काही मागितलंच नाही. भिवरानं तिच्याच शेपटीचं पीस उपटलं आणि तिच्या नाकात आडवं खोवलं. ते काढता काढता बिचारी बसणं विसरली. मग अंडं आलं ते बिनकवचाचं, नुसता पापुद्रा. भिवराच्या हातातच फुटलं. मग तिनं नदीतले शिंपले वेचले, कुटले, दाण्यात घातले. अंड्याला कवच आलं.

आणि राणी उठली! राजानं शब्द पाळला. येसू घरी आली. भिवरा तिला पोटाशी धरून खूप रडली. मग तिला कवडी आठवली. तिनं नऊ दिवस अंडी जमवली, मऊ पेंढ्यात मांडली.

"ये कवडे. एकवीस काय, चाळीस दिवस बस."

कवडी आली. अंड्यांवर उभी राहिली. बसली नाही.

"बसावंसं वाटत नाही, बाई," ती म्हणाली. "कसं वाटायचं, तेही आठवत नाही."

आणि उतरून अंगणात दाणे टिपायला गेली. त्यानंतर ती कधी बोलली नाही. भिवरानं ती अंडी पदराखाली धरली. येसू जेवायला हाका मारत होती, तरी उठेना. संध्याकाळ झाली, तरी सगळी गारच.

मग काय, राणी सुखात, राजा सुखात. भिवरा आणि येसूही सुखानं राहिल्या. कवडी रोज अंडं घालायची आणि मागं न बघता निघून जायची.

नाही रे बाळा, पिल्लं नाही झाली तिला. मिटा आता डोळे.