पाहुण्याचे पेव

चिलारवाडीत बिरोबाच्या देवळामागे थोडी मोकळी जागा आहे. तिच्या मधोमध जात्याच्या तळीसारखा एक मोठा गोल दगड जमिनीत बसवलेला दिसतो. नवखा माणूस त्यावर टेकायला गेला, तर गावकरी त्याला हाताला धरून बाजूला घेतात. देवळाच्या तुळईला लांब साखळीचा पितळी दिवा टांगलेला आहे. तो दिवा त्या दगडाखालच्या पेवाचा.

पूर्वी या भागात ज्वारी पेवात ठेवत. मुरमात खणलेली, माठासारखी पोटाला रुंद आणि तोंडाला अरुंद अशी खोल जागा. आत कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वर दगड ठेवून शेणमातीने लिंपून टाकायचे. धान्य वर्षानुवर्षे टिके. पण बंद पेवात हवा कोंडते. दगड काढला की आधी दिवा आत सोडून बघायचा. टिकला तर उतरायचे, विझला तर थांबायचे.

दिल्लीची फौज या मुलखात आली, तेव्हाची ही गोष्ट असे सांगतात. फौज इतकी मोठी, की तिचे पुढचे टोक नदी ओलांडून गेले तरी मागचे हत्ती पाण्याला यायचेच असत म्हणे. तिच्यासमोर उभे राहील असे इथे कोणी नव्हते, आणि कोणी उभे राहिलेही नाही. गावोगावचे दीड-दोनशे गडी डोंगरात शिरले. फौजेकडे रसद घेऊन येणारे बैलांचे तांडे ते खिंडीत गाठायचे आणि फौज वळेपर्यंत नाहीसे व्हायचे. मार्गशीर्ष लागेतो छावणीत दाण्याला सोन्याचा भाव आला.

त्या गड्यांचा म्होरक्या रावजी हा चिलारवाडीचा. त्याची आई ठकूबाई, सारा गाव तिला ठकूआत्या म्हणे. गावकरी डोंगरावर निघून गेले, पण ठकूआत्या मागे राहिली, कारण देवळामागेच असलेल्या तिच्या परड्यात गोवऱ्यांच्या राशीखाली गावाचे पेव होते. त्यात तीस खंडी ज्वारी होती. डोंगरातली माणसे त्याच ज्वारीवर जगत होती. ती गेली, तर भुकेने त्यांना खाली उतरावे लागणार आणि खाली फौज वाट बघतच होती.

एके दिवशी सकाळी चार शिपाई वाडीत आले. घोड्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. त्यांनी दाणा कुठे आहे म्हणून विचारले. टोळांनी खाल्ला, असे ठकूआत्याने सांगितले आणि वर विचारले, "एवढ्या लांबून आलासा. दिल्लीत काय पिकत न्हाई व्हय?"

शिपाई हसले नाहीत. त्यांच्याकडे लोखंडी सळ्या होत्या. जमिनीत खुपसत खुपसत ते परड्यात आले. गोवऱ्यांखाली सळई दगडावर वाजली.

त्यांनी रास उपसली, दगड सरकवला. त्यांच्यातला नबीबक्ष नावाचा शिपाई दाढी पिकत चाललेला होता. त्याने कमरेला शेला आवळला आणि आत पाय सोडून कडेवर बसला.

ठकूआत्या परड्यातल्या चुलीपाशी उभी होती. तिने नुसते गप्प राहायचे होते. तो उतरला असता, वर आला नसता. त्याला काढायला दुसरा गेला असता, मग तिसरा. पेव राखले गेले असते आणि तिच्या हाताला रक्तही लागले नसते. पण बारा वर्षांमागे पाऊस तोंडावर आला म्हणून तिचा नवरा दिवा न सोडताच याच पेवात उतरला होता. त्याच्यामागे दीर उतरला. दोघांना दोरीने वर काढले, ते तिने पाहिले होते.

ती धावली आणि तिने नबीबक्षाचा खांदा धरला.

"उतरू नको, बाबा. आत वारा मेलाय."

बाकीच्यांना वाटले, म्हातारी दाणा वाचवायला बघते. एकाने तिला ढकलले. तिने खांदा सोडला नाही. दुसऱ्या हाताने तिने चुलीजवळचा दिवा दाखवला, एका शिपायाकडून तो पेटवून दोरीला बांधून घेतला आणि आत सोडला. दिवा हातभर गेला आणि कोणी चिमटीत धरल्यासारखा विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. नबीबक्षाने पाय हळूच वर घेतले.

मग तिने त्यांना घोंगडीने पेवाच्या तोंडावर वारा घालायला लावले आणि मडक्यात उरलेली आंबील चौघांना वाढली. नबीबक्ष दहा वर्षे दक्षिणेत होता, मोडके मराठी बोले. त्याने विचारले, "आई, तू गप का नाही बसली?"

"बघवलं नसतं," ती म्हणाली.

डोंगरावरून घोडी दिसली होती. दुपार कलायच्या आत रावजीने परड्याला वेढा घातला. शिपायांची हत्यारे भिंतीला टेकलेली होती. रावजीने भाला उचलला, तशी ठकूआत्या मध्ये आली.

"आई, हे माघारी गेले की पेव गेलं. माझी माणसं काय खातील?"

"ते मला कळतंय. पर दुपारी मारायचा, तर सकाळी कशाला वाचवला?"

रावजीने भाला खाली टेकला. शिपायांना घोडी आणि हत्यारे न देता सोडले. ठकूआत्याने प्रत्येकाच्या पदरात शेरभर ज्वारी घातली.

तीस खंडी धान्य एका दिवसात कुठे हलवणार? आठ दिवस ती रोज उंबऱ्यावर बसून वाटेकडे बघत होती. धूळ उठली नाही. नबीबक्षाने छावणीत सांगितले म्हणे, की त्या वाडीत दाणा नाही, तिथली जमीन श्वास पिते, दिवासुद्धा विझतो. त्यानंतर कोणी शिपाई त्या वाटेला यायला तयार होईना. छावणीने आधी बैल खाल्ले, मग घोडी. माघ सरता सरता तंबू उतरले आणि एवढी मोठी फौज आली त्या वाटेने परत गेली.

पुढे पुष्कळ वर्षांनी उत्तरेकडचा एक व्यापारी हा पितळी दिवा घेऊन वाडीत आला. देणाऱ्याने नाव सांगितले नव्हते; विझल्या दिव्याने माणूस वाचला त्या घरी द्या, एवढाच निरोप होता. ठकूआत्याला तेव्हा दिसत नव्हते. तिने दिव्याची साखळी चाचपली आणि विचारले, "घरी पोचला म्हणायचा?"

आजही मार्गशीर्षातल्या पहिल्या सोमवारी तो दगड सरकवतात. पेव कधीच रिकामे झाले आहे. तरी त्या दिवशी गावात जो परका असेल, मग तो कुठलाही असो, त्याला कडेवर बसवतात. गावातली सर्वांत म्हातारी बाई त्याचा खांदा धरते, आणि दिवा आत सोडतात. ज्योत स्थिर होईपर्यंत कोणी बोलत नाही, आणि ती बाई हात काढत नाही.

मग त्याच्या ओंजळीत ज्वारी घालतात. हे कशासाठी, असे पाहुण्याने विचारले, तर ती म्हणते, "बघवत न्हाई म्हणून."